गिऱ्हाईक देव, मग काउंटरवरची मुलगी कोण?

सुटे पैसे देताना हात दाबणारा, साडी अंगावर लावून दाखव म्हणणारा, नंबरासाठी रोज चकरा मारणारा. सेल्सच्या मुली काय करतात? हसून टाळतात, काउंटर बदलून घेतात, ठरलेल्या शब्दाने सहकाऱ्याला हाक मारतात. टार्गेट त्याच बिलावर अडकलेलं असतं! वर मॅनेजर म्हणतो, ‘सोडून दे, नेहमीचं गिऱ्हाईक आहे.’ अहो, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १९ वाचा: बाहेरून येणाऱ्यांपासूनही संरक्षण देणं मालकाचंच काम. तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणंही. दुकानात दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, मुदत घटनेपासून ३ महिने. पण सीसीटीव्हीचं फुटेज बहुतेकदा त्याआधीच पुसलं जातं. ते त्याच दिवशी काढून ठेवायला काय जातं?