घरचं दप्तर प्रेमानं संपवण्याची कृती

माळ्यावरच्या ट्रंकेत घराण्याचं जुनं दप्तर, म्हणजे मोडी कागदांचे चार-पाच रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले म्हणता? अभिनंदन. पूर्वजांनी ते वेखंडाचे तुकडे घालून, खारव्यात, म्हणजे जाड्याभरड्या कापडात, आवळून बांधले आणि दोनशे वर्षं टिकवले. तुम्हाला ते एका पावसाळ्यात संपवायचे आहेत. त्यासाठी कुणाचं वैर लागत नाही. घराण्याचा भरपूर अभिमान आणि सेलोटेपचं एक रीळ, एवढं भांडवल पुरतं.

सुरुवात गाठीपासून करा. गाठीशी गावाचं नाव, साल किंवा प्रकरण लिहिलेली चिठ्ठी असेल, तर कचरा म्हणून ती आधी टाका. मग सगळे कागद सतरंजीवर ओता आणि आकारानुसार लावा, मोठे खाली, लहान वर. कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता यावरून बिनतारखेच्या चिठोऱ्याचंही साल लागतं म्हणे. एकदा क्रम मोडला की ती कटकट कायमची मिटते. लांबलचक कागद हे अनेक ताव खळीनं जोडून केलेले असतात. जोड सुटले असतील तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र कागद समजा. एका निवाड्याचे पाच होतात आणि दप्तर वाढल्यासारखं दिसतं.

पुढे निवड. शिक्क्याचा कागद ऐतिहासिक, बाकीची रद्दी. त्या रद्दीत जोंधळ्याचा भाव, बलुतेदाराला दिलेलं धान्य, विहिरीच्या पाण्याची पाळी, वतनाच्या वाटणीवरून झालेली भांडणं असलंच काहीतरी असतं. पराक्रमाशी त्याचा काय संबंध?

आता दुरुस्ती. इथे घाई करू नका, हा भाग मन लावून करायचा. फाटक्या कागदाला दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावा. काही वर्षांत टेपचा चिकटा कागदात उतरतो, पिवळा-तपकिरी होतो आणि वरची पट्टी आपोआप गळून पडते. डाग तेवढा राहतो. कागद एकत्र ठेवायला टाचण्या आणि रबरबँड वापरा. टाचणीच्या गंजानं भोक पडतं, रबर आधी वितळून चिकटतं आणि मग कडक होतं. अक्षरांवर धूळ असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. बोरूनं लिहिलेली काजळीची शाई उजेडानं उडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते. पाण्याचं काम पाणीच करतं.

हे सगळं करूनही कागद शिल्लक राहिला तर कोपऱ्यावरचं लॅमिनेशनचं दुकान आहेच. तापलेल्या रोलरमधून जाताना चिकट प्लास्टिक कागदाच्या धाग्याधाग्यांत वितळून बसतं आणि पुढे प्रयोगशाळेलाही ते सहसा सुखरूप सोडवता येत नाही. कागदात ओल असेल तर तीही आत कोंडली जाते. दप्तरखान्यातली जाणकार मंडळी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या पिठाची खळ वापरतात, कारण ती पुढे कधीही पाण्यानं सोडवता येते. सोडवता येणारी दुरुस्ती! अशांना लॅमिनेशन कसं कळणार?

जुना हातकागद मात्र चिवट, हे लक्षात ठेवा. जुन्नरी, दौलताबादी कागद चिंध्यांच्या लांब धाग्यांचा, म्हणून पानिपतच्या काळातला ताव अजून लवतो. आजोबांचा 1920 सालचा गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लानं तो घडीवरच तुटतो. दोघांना एकाच फाईलमध्ये कोंबा. आम्ल शेजारधर्म पाळतं.

ठेवायला जागा म्हणाल तर बाथरूमच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. भिंतीपासून सहा इंच सोडा, वारा खेळू द्या, असं सांगणारे दूर ठेवा. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला कुणी आमंत्रण द्यावं लागत नाही. तरीही खबरदारी म्हणून प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड आवळा. डांबरगोळ्या टाकून निश्चिंत व्हा. वाळवीला त्यांचं काही वाटत नाही. छपरातून पाणी येऊन रुमाल भिजलाच, तर सावलीत, पंख्याखाली, टिपकागदात पसरवण्याच्या फंदात पडू नका. गणपती झाले की बघू म्हणा. बुरशी धरायला दोन-तीन दिवस लागतात, तुम्ही तिला दहा दिले.

वाचनाचं काय? मोडी शिकण्याची गरज नाही, आडनाव ओळखता आलं की झालं. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ दिसलं तर तो मंत्र समजून नमस्कार करा. तो अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) 1161 असतो. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या तारखेत 599 आणि जानेवारीपासून पुढे 600 मिळवले की इसवी सन येतो, हे असलं गणित तुमच्यासाठी नाही. तुम्ही थेट सन 1161 म्हणा. घराणं यादवांच्या देवगिरीच्याही आधीचं ठरतं. पुढे ‘छ 7 जमादिलाखर’ असेल, तर ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. तुम्ही तो ‘छत्रपती’ वाचा आणि फ्लेक्सवर छापा.

एखादा ताम्रपट निघाला तर चिंच-मीठ लावून घासा, लखलखेपर्यंत. अक्षरं बोथट झाली तरी चकाकीपुढे कोण बघतो? शिक्क्याचा कागद काचेत मढवून दिवाणखान्यात खिडकीसमोर टांगा. संग्रहालयं अशा कागदांवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. आपण कंजूष नाही.

आणि अभ्यासकाला दाराबाहेरच ठेवा. असेच माळे धुंडाळून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड छापले आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. म्हणजे मोकळ्या माळ्याचा परिणाम काय होतो ते बघा. आताचा अभ्यासक कॅमेरा घेऊन आला तर चहा द्या, आपल्या घराण्यावर तासभर बोला आणि किल्ली धाकट्या भावाकडे आहे म्हणा. भावानं ती तुमच्याकडे आहे म्हणायचं. जयंतीला कपाटाला हार घाला. उघडू नका.

शेवटी रुमालात भुगा तेवढा उरेल. तो झटकून कापड धुऊन घ्या. खारवा टिकाऊ असतो, ओटा पुसायला वर्षभर जातो.