मी सर्वेवाला नव्हे

नदीकाठानं चार पावलं चालायची तर लेखी जबाब द्यावा लागतो, हे मला गेल्या रविवारी बेळगावजवळच्या कंग्राळीच्या शिवारात कळलं. अजून ते डोक्यातून जात नाही.

साडू पुण्याहून येणार आहेत. त्यांच्याकडं बंडगार्डनजवळ नदीकाठी फिरायला ट्रॅक झालाय, त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर पडतच असतात. "तुमच्याकडं आहे का असं काही?" असं त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आमच्या हिनं सांगून टाकलं, "आहे की, मार्कंडेय नदी. हे दाखवतील." सासूबाईंचे गुडघे, साडूंचं पोट आणि पोरांचे पांढरे बूट या तिन्हींना झेपेल असा रस्ता शोधणं माझ्या गळ्यात आलं. कंग्राळी बी.के.कडून (म्हणजे बुद्रुक) जायचं की के.एच.कडून (म्हणजे खुर्द), यावरच अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी वही, पेन आणि स्कूटर घेऊन एकटाच निघालो.

सुगी चालली होती. बांधावरनं पावलं मोजत, फोटो काढत मी वहीत लिहीत होतो : सावली नाही. बसायला काही नाही. वास, अधूनमधून.

"ओ साहेब, टेप न्हाई आणलासा?"

भाताच्या पिंजरीच्या गंजीला टेकून एक आजोबा बसले होते. डोक्याला टॉवेल, हातात विळा. विळा नुसताच हातात होता, पण होता.

"कसली टेप?"

"मोजायची. पावलांनी मोजूलासा म्हणून इचारलो. रिंगरोडवाले का बायपासवाले? तेवढंच सांगा. मी मारत न्हाई."

मी म्हटलं, फिरायला आलोय. नदीकाठानं जायचं आणि परत यायचं. आजोबांनी यावर बराच विचार केला.

"पलीकडं काय काम हाय?"

"काही नाही."

"मग परत यायला जाऊलासा कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. साडूंकडं असेल, ते पुण्याचे आहेत.

आजोबांनी हात पुढं केला. वही मागितली. मीही दिली! शेवटचं पान त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं. "सावली न्हाई, हे कशाला लिवलासा? झाडं न्हाईत म्हणजे भरपाई कमी, असंच न्हवं?" मग खालच्या ओळीकडं आले. "आनी वास? आमच्या रानाला वास येतोय?"

"तुमच्या रानाला नाही हो, नदीला."

"नदीला तुमच्या शहराचा येतोय," आजोबा म्हणाले. मी गप्प.

मग त्यांनी मला बसवलं आणि बहिणीची गोष्ट सांगितली. बहिणीचं रान हलग्याकडं, बायपासच्या वाटेत. तिथं पण पहिल्यांदा असाच एकजण आला होता. वही घेऊन, एकटा, गोड बोलणारा. पाणी मागितलं. बहिणीनं चहा दिला. "पुढच्या खेपेला जेसीबी आला. भात उभं होतं." एवढं बोलून ते माझ्याकडं असं बघायला लागले की जणू तो चहा मीच प्यायलो होतो.

आता यावर माणसानं रागवायचं तरी कसं? पण राग आला. त्यांचा नव्हे, किंवा त्यांचाही थोडा. फिरायचं तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाखालनं गोल फिरा, किल्ला तलावाकाठी 110 मीटरच्या ध्वजस्तंभाकडं मान वर करून गोल फिरा. स्मार्ट सिटी म्हणवणाऱ्या बेळगावात माणसानं गोलच फिरायचं. सरळ जाणारी एक नदी गावाच्या उशाला आहे, ती पेपरात कधी येते? तिच्यावरच्या राकसकोप धरणाची पातळी 2475 फुटांवर गेली, दरवाजे उघडले, पाणी भातात शिरलं, तेव्हा. एरवी आम्ही तिचं वरचं पाणी नळानं पितो आणि खाली आमचं काय काय तिच्यात सोडतो, त्याचा वास मग वहीत लिहितो. रस्ता मात्र कोणाला हवा असला की तो रिंगरोडच असतो. चालायचा रस्ता कुणी मागितलेलाही नाही, हे त्या दिवशी बांधावर बसून लक्षात आलं आणि चिडचिड आणखीनच वाढली.

"असं करा," आजोबा म्हणाले, "लिहून द्या. मी सर्वेवाला न्हवे, निस्ता चालायला आलतो."

दिलं लिहून. सही केली.

"आता कन्नडात. उद्या कचेरीत म्हणतील, मराठी कागद चालत न्हाई."

या मुद्द्यावर सीमाभागातला कुठलाही मराठी माणूस वाद घालत नाही. माझं कन्नड बाजारात धावतं, कागदावर लंगडतं. एव्हाना पेंढ्या टाकून त्यांचा शाळकरी नातू येऊन खांद्यावरनं डोकावत होता. "काका, ह्याला तलकट्टु दिला न्हाईसा," म्हणत त्यानं माझ्याच हातातलं पेन घेतलं, अक्षरांच्या डोक्यांवर राहिलेल्या रेघा भरल्या, एक शब्द सरळ खोडला आणि खाली नीट लिहिला. मग पुन्हा सही. कन्नडात. तीही त्यानं तपासली.

आजोबांनी कागदाची घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत उताऱ्याजवळ ठेवली. मग एकदम मऊ झाले. पाणी दिलं, घरच्या मळ्यातला कोबी दिला, पैसे घेतले नाहीत. नातवाला स्कूटरपर्यंत सोडायला पाठवलं. म्हटलं, सुटलो. किक मारली, तेवढ्यात बांधावरनं आवाज आला.

"साहेब! तेवढं जाता जाता सांगा की, रिंगरोड नेमका कुठनं काढूलासा?"