तुमच्या स्कूटरचा धूर आमच्या चंद्रपूरला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

उत्तराला आठवडा लागला त्याबद्दल सॉरी, पण नुसतं "धन्यवाद" लिहून सोडण्यासारखी तुमची प्रतिक्रिया नव्हती. माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या तीन वर्षांच्या अनुभवावर तुम्ही लिहिलंत की पुण्यात धूर दिसत नाही कारण तो आमच्या चंद्रपूरला निघतो आणि राख आमच्या गच्चीवर पडते, बाकी हा धंदा सबसिडीवर उभा आहे आणि बॅटरी बदलायची वेळ आली की वाचवलेलं सगळं तिच्यात जाणार.

राखेचं आधी घेतो कारण ते मला लागलं. तुमचं कोळशावरचं वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं, देशातली तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज अजून कोळशावरची, आणि मी स्कूटर चार्जिंगला लावतो रात्री जेवणं झाल्यावर, म्हणजे सोलर नसतंच तेव्हा. पोस्टमध्ये मी "शून्य प्रदूषण" लिहिलं होतं ते चूक होतं, काढून टाकलंय.

मग कागद घेऊन बसलो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, माझी जुनी स्कूटर ४५ चं अ‍ॅव्हरेज द्यायची, म्हणजे किलोमीटरला ५० ग्रॅम झाले. आत्ताची शंभर किलोमीटरला तीन युनिट खाते, आपल्या ग्रिडवर युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या थोडं वर, तारांमधली गळती धरली तरी किलोमीटरला २५ च्या आसपास येतं. निम्मं. बॅटरी बनवतानाचा कार्बन दोन-तीनशे किलो धरा, तो दहा-बारा हजार किलोमीटरमध्ये फिटतो आणि माझी ३५ हजार झालीय.

पण सर, हे झालं कार्बनचं, आणि तो सगळ्या जगाचा आहे. गंधक आणि राख मात्र तुमचीच, मी पेट्रोल जाळत राहिलो असतो तर माझ्या वाटची तेवढी राख तुमच्याकडे आली नसती, हे मला मान्य आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. चिमणीतला सल्फर डायऑक्साइड रोखायचे नियम केंद्राने २०१५ ला केले, मुदत २०१७ ची होती, ती वाढत वाढत गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक केंद्रांना तो रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच दिली. यावर सगळ्यात मोठ्याने आम्ही ई-गाडीवाल्यांनी बोलायला हवं होतं. आम्ही रेंज आणि चार्जिंग पॉइंटवरच बोलत बसलो.

कारच्या बाबतीत तर मी तुमच्याही पुढे जाईन. ४० युनिटची बॅटरी म्हणजे बनवतानाच अडीच-तीन टन कार्बन, त्यात गाडी जड, त्यामुळे कोळशाच्या विजेवर पेट्रोल कारच्या तुलनेत किलोमीटरमागे फरक थोडाच उरतो. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याने ती पर्यावरणासाठी घेतली म्हणू नये, फेडायला कित्येक वर्षं जातील. टॅक्सीला चालते, रोज दीडशे किलोमीटर पळते ती.

सबसिडीचं म्हणाल तर अर्धं बरोबर. जून २०२३ मध्ये केंद्राने दुचाकींची सबसिडी ४० टक्क्यांवरून १५ वर आणली आणि मेमध्ये लाखाच्या वर असलेला खप एका महिन्यात निम्म्याच्या खाली आला. पण मेला नाही, २०२४-२५ मध्ये ११ लाखांच्या वर ई-दुचाकी विकल्या गेल्या. आणि दिल्ली, यूपी, बिहारमधल्या ई-रिक्षा बघा ना, लेड बॅटरीच्या त्या रिक्षांना फेम-२ या केंद्राच्या ई-गाड्यांसाठीच्या योजनेची सबसिडी मिळतच नव्हती तरी त्या लाखांनी रस्त्यावर आल्या कारण चालवणाऱ्याच्या हातात संध्याकाळी चार पैसे उरतात. (त्या बॅटऱ्यांचं शिसं गल्लीबोळात वितळवतात ते भयानक आहे, पण तो विषय वेगळा.)

बॅटरीचं तुम्ही ७० हजार धरलेत, चला तेवढेच धरू. मला शंभर किलोमीटरला तीन युनिट म्हणजे ३५ रुपये लागतात, पेट्रोलला सव्वादोनशेच्या वर जायचे, किलोमीटरला जवळपास दोन रुपये सुटतात. रोज ४० किलोमीटर, वर्षाला बारा हजार किलोमीटर, चोवीस हजार रुपये, म्हणजे बॅटरी तीन वर्षांत निघाली. माझ्या बहिणीचं रोजचं जाणं-येणं आठ किलोमीटर, तिला मी स्वतःच सांगितलं की घेऊ नकोस, जुनीच चालव.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला पॉइंट मागितलाय, दुपारी सोलर असतं तेव्हा लावता येईल, अजून मिळाला नाही. तोपर्यंत रात्रीचंच चालू आहे आणि हेही पोस्टमध्ये टाकलंय.

एक विनंती. गच्चीवरची राख कोणत्या महिन्यात जास्त पडते, वारा कुठून असला की येते, घरात कोणाला काय त्रास होतो, हे सविस्तर लिहाल का? पुण्यात बसून मला ते कळणार नाही. तुमचं चालत असेल तर तुमच्याच शब्दांत, तुमचं नाव न देता, माझ्या पोस्टच्या सुरुवातीलाच लावतो.