शब्बाथला दुभाषा कुठून आणायचा?

गणपती जवळ आले की ठाण्याहून माझ्या भावाचे मेसेज सुरू होतात. डीजे की ढोल-ताशा, रात्री दहा की बारा, मशिदीवरचा भोंगा आधी उतरवायचा की मंडळाचा. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर सगळेच वकील झाले आहेत. मी इस्रायलच्या दक्षिणेला बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यूंच्या, वस्तीत राहते. इथे बसून हा वाद वाचताना हसू येतं, कारण आमचं दुखणं नेमकं उलट आहे. शनिवारी, म्हणजे सिनेगॉग हे आमचं प्रार्थनास्थळ भरलेलं असतं त्याच दिवशी, आमच्याकडे माइकला हातच लावायचा नाही.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, वीज चालू-बंद करणं ऑर्थोडॉक्स (कर्मठ) घरात आणि सिनेगॉगमध्ये वर्ज्य. दिवे आदल्या दिवशी घड्याळावर लावून ठेवायचे, आणि हझानने, म्हणजे प्रार्थना म्हणवणाऱ्याने, आपल्या घशावर भिस्त ठेवायची. अलोन श्वुत इथली झोमेत संस्था शब्बाथला चालतील अशी यंत्रं बनवते, त्यात माइकसुद्धा आहे. पण ते बसवायला सगळे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, राजी नसतात आणि सगळ्या सिनेगॉगांना ते परवडतही नाही. तर तिकडे आवाज कमी करा म्हणून भांडण, इकडे वाढवायची सोय नाही म्हणून कुरकुर. ज्याला आवाज पोचतच नाही, तो माणूस दोन्ही भांडणांत धरलेलाच नाही.

माझे मामा मुंबईच्या गिरणीत मागावर होते. साचेखात्यातल्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आणि पेन्शनीत आल्यावर ते इथे आले. दोन्ही कानांत यंत्रं. शब्बाथला ती घालायला बहुतेक रब्बींची हरकत नसते, फक्त शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चालू करून ठेवायची. मामांना तफिला, म्हणजे प्रार्थना, निभावते, कारण पुस्तक समोर असतं आणि पाठही आहे. पंचाईत होते ती नंतर, किद्दुशच्या, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या खाण्यापिण्याच्या, टेबलावर. फरशीचा हॉल, लोखंडी खुर्च्या, चाळीस माणसं एकदम बोलतायत आणि मुलं टेबलाखाली. यंत्र बिचारं सगळंच मोठं करतं, खुर्चीची घसट आणि शेजारच्याचं बोलणं सारख्याच जोराने. कुणी विनोद केला, सगळे हसले, की मामा माझ्याकडे बघतात. "काय म्हणाला गं तो?" आणि सगळ्या घरांत ठरलेलं तेच उत्तर: "काही नाही मामा, नंतर सांगते." ते नंतर कधी येत नाही.

नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाला, आणखी एक पेच. त्या दिवसाची मुख्य आज्ञाच शोफार, म्हणजे फुंकून वाजवायचं शिंग, ऐकण्याची. शोफारच्या आधी जो आशीर्वाद म्हणतात त्यातही ऐकण्याचाच उल्लेख आहे. रब्बी श्लोमो झालमान आउअरबाख यांच्यासारख्या मोठ्या अधिकारी व्यक्तीचं मत असं, की यंत्रातून येतो तो शोफारचा मूळ आवाज नव्हे, विजेने नव्याने तयार केलेला. दुसरे काही अधिकारी इतके कडक नाहीत. पण आमचे मामा सावध गडी. शोफारच्या वेळी दोन्ही यंत्रं काढून खिशात ठेवतात आणि फुंकणाऱ्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहतात, हातभर अंतरावर. काही बहिऱ्यांच्या मंडळ्यांत लोक फुगा हातात धरून शोफारची थरथर अनुभवतात असं ऐकून मामा म्हणाले, "फुगा कशाला? मला धरू द्या ना ते शिंग." त्यावर आमच्या कमिटीत आजतागायत एकमत झालेलं नाही.

याच्या मुळाशी जुना कायदा आहे. मिश्ना आणि तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत 'हेरेश' म्हणजे बहिरा हा वेडा आणि लहान मूल यांच्या पंक्तीला बसवलेला आहे. त्याच्यावर आज्ञांचं ओझं नाही, म्हणून इतरांसाठी तो शोफारही फुंकू शकत नाही. तालमूदच खुलासा करतं की हा हेरेश म्हणजे ज्याला ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही तो. मामा बोलतात, त्यामुळे ते या पंक्तीतून सुटले. खुणेच्या भाषेत अस्खलित बोलणाऱ्या माणसाचं काय, हे त्या काळच्या कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं. २०११मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या (नाव काहीही असो, हा ऑर्थोडॉक्सांपेक्षा मोकळा ज्यू पंथ) कायदा समितीने स्पष्ट सांगितलं, की खुणेच्या भाषेत व्यवहार करणारा बहिरा पूर्ण जबाबदार माणूस आहे आणि तोरा या मूळ धर्मग्रंथापुढे बोलावलं तर तो आशीर्वाद खुणांनी म्हणू शकतो. ऑर्थोडॉक्सांत मतं विखुरलेली आहेत, तरी अनेक रब्बी आता बहिऱ्यांना मिन्यानमध्ये, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा माणसांत, मोजतात. रिशोन लेझियोनमध्ये तर रब्बी येहोशुआ सोदाकोफ हे स्वतः बहिरे असलेले, खबाद या ऑर्थोडॉक्स पंथाचे रब्बी बहिऱ्यांसाठीच काम करतात. त्याच ग्रंथांवर वाढलेला माणूस तेच ग्रंथ खुणांनी शिकवतो, हे मला दहा निवाड्यांपेक्षा वजनदार वाटतं.

आमच्या गल्लीतला एक तरुण जन्मतः बहिरा आहे. आजी-आजोबा अलिबागकडचे. पोराची भाषा इस्रायली खुणभाषा, जी १९३०च्या दशकात जर्मनीसारख्या देशांतून आलेल्या बहिऱ्यांच्या खुणांवर उभी राहिली. सरकार बहिऱ्या माणसाला वर्षाला ठरावीक तास दुभाषा देतं आणि ते तास कुठे खर्चायचे हे तो स्वतः ठरवतो. बँक, डॉक्टर, शाळेतली पालकसभा. व्यवस्था म्हणून मला ही फार आवडते, कारण दुभाषासाठी कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. पण शब्बाथला ती कोलमडते. ज्यू दुभाष्याने शब्बाथला केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, गाडीत बसायचं नाही, म्हणजे तो चालत येण्याच्या अंतरावर राहायला हवा आणि फुकट यायला हवा. आला तरी उभा कुठे राहणार? शमा ही मुख्य प्रार्थना म्हणताना सगळे उजव्या हाताने डोळे झाकतात. डोळे झाकले तर खुणा दिसत नाहीत, आणि खुणा करायच्या तर तो हात मोकळा लागतो. हझान तेबावर, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, पाठमोरा. शब्बाथ संपताना हवदाला या निरोपाच्या विधीला दिवे मालवून एका मेणबत्तीवर काम चालतं. आणि बहिरी बाई असेल तर ती पडद्यामागे. मुंबईच्या जुन्या सिनेगॉगांत बायकांची माडी असते, तिथून सगळं खालचं दिसतं. इथल्या आमच्या इमारतीत जाळीचा पडदा आहे, त्यातून हझानची टोपी तेवढी दिसते.

म्हणजे पैसे टाकून प्रश्न सुटत नाही. वस्तीतल्याच चार-सहा जणांनी भाषा शिकायला हवी, दुसरा उपाय नाही. अडचणीतून आलेली ही गोष्ट मला अडचणीपेक्षा मोठी वाटते. बाहेरचा दुभाषा तफिला संपली की जातो. किद्दुशच्या टेबलावर गप्पा मारायला शेजारीच लागतो.

आता घरचं. भारतात दोन वाद मी वर्षानुवर्षं वाचतेय. एक, भारतीय सांकेतिक भाषेला राजभाषेचा दर्जा द्यायचा का. दक्षिण आफ्रिकेने २०२३मध्ये आपल्या खुणभाषेला बारावी अधिकृत भाषा केलं, न्यूझीलंडने २००६मध्येच. आपण २०१५मध्ये दिल्लीत संशोधन केंद्र काढलं, त्याचा शब्दकोश २०२१पर्यंत दहा हजार शब्दांवर गेला, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेखही आहे. आठव्या अनुसूचीचं दार मात्र बंद. मागणी रास्त आहे, माझी सही त्यावर आहे. दुसरा वाद बोगस प्रमाणपत्रांचा: कोण खरा बहिरा, कुणी नोकरीसाठी सोंग घेतलं. चोर पकडायलाच हवेत. पण या चौकशीच्या धुरळ्यात खऱ्या बहिऱ्याला आधी स्वतःचं बहिरेपण सिद्ध करत बसावं लागतं, आणि बाकीच्या समाजाला वाटतं की आपलं काम प्रमाणपत्र तपासण्यापुरतंच.

२०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांवर लोक नोंदले गेले. त्यातले किती जण सत्यनारायणाच्या पूजेला, हरिनाम सप्ताहाला, मंगलाष्टकांना नुसते बसून राहतात? यावर अग्रलेख आलेला मला आठवत नाही. आणि तिथे तर शब्बाथची आडकाठीही नाही. कीर्तनकाराच्या मागे पडद्यावर ओव्या दाखवता येतात, फोनवर मराठी बोलणं अक्षरांत उमटतं, दुभाष्याला मानधन देता येतं, दिवे हवे तितके लावता येतात. मंडळाच्या जमाखर्चात स्पीकरचं भाडं ठळक असतं. दुभाषाच्या मानधनाचा रकाना असलेला जमाखर्च मला कुणी पाठवला तर मी तो फ्रेम करून लावीन. भाऊ म्हणतो, "अगं, आमच्याकडे बहिरं कुणी येतच नाही." येईल कशाला, सांग बरं?

इथलं सगळं छान आणि तिकडचं वाईट असं मला म्हणायचं नाही. सरकार तास देतं म्हणून इथल्या संस्था हात झटकतात. तुझे तास आहेत ना, तूच घेऊन ये दुभाषा. आणि आमचा सर्वात सोयीचा विधी तर आम्ही कोकणातून आणलेला आहे. मलिदा, म्हणजे पोह्या-फळांचं ताट मांडून आशीर्वाद म्हणायचा विधी, बहुतेक आठवड्यातल्या इतर दिवशी असतो, त्यामुळे विजेचा प्रश्न नाही. सगळे ताटाभोवती. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, त्यावर फळं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्या फळाचा वेगळा, आणि तो तो जिन्नस उचलूनच म्हणायचा. मग सब्ज्याची डहाळी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण वास घेतो. गल्लीतल्या त्या तरुणाला एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, गाणं ऐकू येत नाही, पण पुढे काय होणार हे त्याला बाकी कुणाहीइतकंच कळतं. गेल्या वेळी फळं उचलून दाखवायचं काम त्याच्याकडेच होतं, आणि त्याने खजुराच्या आधी केळं उचललं म्हणून माझ्या सासूबाईंनी खुणांतच त्याला झापलं. कुठे शिकल्या कोण जाणे.

कमिटीपुढे मी तीन मागण्या ठेवल्या आहेत. हझानच्या तोंडावर प्रकाश पडेल असा दिवा घड्याळावर लावा. प्रवचन शुक्रवारी दुपारीच छापून वाटा, हिब्रूत आणि म्हाताऱ्यांसाठी मराठीत. आणि पुढच्या रांगेतले, तेबाकडे तिरके बघणारे दोन बाक राखून ठेवा. दिवा मंजूर झाला. छापण्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. बाकांचं अडून आहे, कारण ते बाक पिढ्यान्‌पिढ्या दोन घराण्यांचे समजले जातात, आणि त्यातलं एक माझं सासर आहे.