साठ वॅटचं दही

आमच्या घरातला होम थिएटरचा अँप्लिफायर दोन कामं करायचा. संध्याकाळी सिनेमाचा आवाज काढायचा आणि रात्री आईचं दही लावायचा. पुण्यात डिसेंबरात दही लागता लागत नाही. विरजणाचं पातेलं अँप्लिफायरच्या पाठीवर ठेवलं की सकाळी कवडीदार दही तयार. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, वीजबिल येईपर्यंत.

बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन मीटरखाली उभे राहिले. आमच्या मीटरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तो दर एकोणीस सेकंदांनी लुकलुकत होता.

"साठ वॅट," बाबा म्हणाले. "आणि अजून गाणं लागलेलंच नाही!"

मी समजावलं, की अँप्लिफायरचे त्यांच्या रचनेवरून क्लास असतात आणि हा 'एबी' क्लासचा आहे. पूर्ण जोरात वाजला तरी याची कार्यक्षमता कागदोपत्री फार तर ७८ टक्के. हळू वाजवला की बरीचशी वीज नुसती उष्णता होते. 'डी' क्लासचे मात्र ९० टक्क्यांपर्यंत जातात.

"ड तुकडी ९० टक्के? आणि अ तुकडी?"

"२५. फार तर ५०."

"स्वस्त असेल मग."

"नाही, चांगला घ्यायचा तर तोच सगळ्यात महाग."

चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर तापकीर गल्लीत आले.

पहिल्याच दुकानात पोऱ्यानं खोका पुढे सरकवला. "साहेब, ५००० वॅट! पीएमपीओ!" पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या जोराचा, जाहिरातीपुरता आकडा. बाबांनी खोका उलटा केला. मागे बारीक अक्षरात वीजवापर लिहिला होता, ८० वॅट. "आत ८० जातात आणि बाहेर ५००० येतात? अरे, मग हा विकतोस कशाला? याच्यावर गल्ली चालव की!"

दुसरीकडे '१०० वॅट प्रति चॅनल', म्हणजे दर स्पीकरला १०० वॅटवाला होता. माहितीपत्रक वाचलं तर तो आकडा पाचांपैकी दोनच चॅनल चालू असतानाचा, आणि तोही आवाज १० टक्के फाटलेला चालत असेल तर. "पाच पोरं परीक्षेला बसवली आणि दोघांचेच मार्क छापले," बाबांनी शेरा मारला.

तिथेच माझ्या तोंडून निघून गेलं, की आपले स्पीकर एका वॅटवर मीटरभर अंतरावरून ८८ डेसिबल देतात. खालच्या काकू त्याच्या कितीतरी आधीच झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात.

बाबा थांबले. "म्हणजे आपल्याला लागतो एक वॅट?"

"एरवी तेवढाही नाही. पण स्फोटबिफोट असला की जास्त लागतो ना. आवाज तीनच डेसिबलनं वाढवायचा तरी वॅट दुप्पट."

"एका वॅटसाठी तीन तास उन्हात हिंडवलंस मला."

शेवटी डी क्लासचा घेतला. जुना उचलायला दोघं लागायचे, हा मी एका हातात धरून आणला. वाटेत बाबांनी दोनदा हलवून बघितला, आत काही आहे का म्हणून. घरी मीटरखाली पुन्हा परीक्षा झाली. छप्पन्न सेकंद! म्हणजे वीस वॅट. बाबांनी शेजाऱ्यांना पेढे द्यायचेच काय ते बाकी ठेवले.

सकाळी पातेल्यात दूध होतं. कोमट सुद्धा नाही.

"९० टक्केवाला ना हा?" आई म्हणाली. "मग उरलेले दहा कुठं गेले?"

जुना आता ओट्यावर असतो, स्पीकरची एकही वायर न लावलेला. रात्री दहाला आई त्याचं बटण दाबते आणि वर पातेलं ठेवते. बाबा तेवढा वेळ मीटरकडे फिरकत नाहीत. दही त्यांनाच दोन वाट्या लागतं.