दोन जॉयस्टिक, एक विमान: निपाणीकर दादांना उत्तर

नमस्कार दादा,

घरच्या संगणकावर विमान उडवायच्या खेळाला, म्हणजे सिम्युलेटरला, मी दोन जॉयस्टिक जोडतो, त्यावर तुमचे आक्षेप दोन. दोन्ही जॉयस्टिक जोडल्या की विमान नाचतं, म्हणजे ही जोडणीच चूक. आणि वैमानिकाला स्टिक एकच असते, मग हा जादा खर्च कशाला?

दुसरं आधी घेतो. एअरबस ए३२० मध्ये स्टिक दोन असतात, कॅप्टनच्या डाव्या हाताला एक, को-पायलटच्या उजव्या हाताला दुसरी. आमच्याकडे उजवीकडे पुतण्या बसतो. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा लावून सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, २६ नंबर धावपट्टीवर तो उतरवतो, मी सावरतो. (सावरावं लागतंच!) तुम्ही एकटेच उडवत असाल तर मात्र एकीवरच भागवा, उगाच पैसे घालू नका.

आता नाचण्याचं. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर नवी जॉयस्टिक दिसली की तिला आपणहून प्रोफाइल (कुठल्या हालचालीनं काय व्हायचं त्याची यादी) देतो, त्यामुळे एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा) दोन्ही स्टिकवर चढतात. मग जिच्याकडून शेवटचा आकडा आला, तिचं चालतं. पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारा आतला भाग) झिजलेली स्टिक हात न लावताही थरथरते, 'मी मध्यावर आहे' म्हणून कळवत राहते, आणि तुम्ही उचललेलं नाक खाली येतं. डेड झोन, म्हणजे मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल, वाढवला की थरथर झाकते. पण दोघांनी एकदम स्टिक हलवली तर कुणाचं ऐकायचं, ते त्यानं ठरत नाही.

त्यासाठीच व्हीजॉय (आभासी जॉयस्टिक तयार करणारं सॉफ्टवेअर) आणि जॉयस्टिक ग्रेमलिन (खऱ्या स्टिकची हालचाल तिच्यात पोचवणारं). दोन्हींचे अक्ष (पुढे-मागे आणि डावी-उजवी हालचाल) एका आभासी जॉयस्टिकमध्ये एकत्र करा. तिथे 'सरासरी' घेऊ नका. एकानं पूर्ण ओढली आणि दुसरी मध्यावर असली तर विमानाला निम्मीच ओढ पोचते. 'बेरीज' घ्या. खरं ए३२० सुद्धा बेरीजच करतं, एका स्टिकच्या कमाल मर्यादेपर्यंत, आणि वर 'ड्युअल इनपुट' असं बोलून दाखवतं. यानंतर मूळ दोन्ही स्टिकच्या प्रोफाइल रिकाम्या करायच्या. तुमच्या वर्णनावरून हेच राहिलेलं दिसतंय.

बोइंग ७३७ ला ही बेरीज लावू नका. तिथले दोन्ही योक (स्टिकऐवजी असलेली सुकाणूसारखी चाकं) आतून जोडलेले असतात, एक फिरवला की दुसरा फिरतो.

एकाच मॉडेलच्या दोन घेतल्या असतील तर यूएसबी पोर्टवर खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवा. विंडोजमध्ये दोन्हींचं नाव सारखंच दिसतं, आणि पोर्ट बदलले की कॅप्टनचा को-पायलट होऊ शकतो. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोची मूठ उजव्या हाताची आहे, ती पुतण्याच्या बाजूला ठीक. डावीकडे थ्रस्टमास्टर टी.१६०००एम बघा: मूठ दोन्ही हातांना बसवता येते, आणि मुख्य अक्षांना चुंबकी सेन्सर असल्यानं ती थरथरही होत नाही.