सव्वा महिन्यानंतरचा प्रश्न

नात्यातल्या एका बाळंतिणीला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे की नाही, यावरून गेल्या महिन्यात गोव्यातल्या डिचोलीचे आमचे घर आणि इंग्लंडमधील स्विंडनला राहणारी मी, यांच्यात फोनवर बराच वाद झाला. "आमच्या वेळी घरात दहा माणसे असत, उदास व्हायला सवड कुणाला होती?" असे काकींचे म्हणणे होते, आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजारच परदेशातून आलेला आहे, अशी त्याला पुरवणी होती.

काकींचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे, कारण माझे पहिले बाळंतपण डिचोलीला झाले आणि दुसरे इथे. तिथे सव्वा महिना तेल लावणे, शेक देणे आणि वेळेवर पेज हातात देणे हे सारे आपसूक होत होते. इथे दोन आठवड्यांची रजा संपताच नवरा गोदामातल्या रात्रपाळीला गेला आणि नोव्हेंबरात चारलाच अंधारणाऱ्या घरात मी तान्ह्या बाळाला आणि थोरलीला घेऊन एकटी उरले. मात्र घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे इथल्या आरोग्यसेविकेने, नैराश्याची लक्षणे ताडून पाहणारा दहा प्रश्नांचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. काही बिघडले तेव्हा तुम्ही विनाकारण स्वतःला दोष दिलात का, असा त्यातला एक प्रश्न वाचताना मला इथले नव्हे, तर डिचोलीचे दिवस आठवले. मुलगी झाल्यावर "लक्ष्मी आली" असे सगळे म्हणाले होते, पण ते म्हणताना आवाज थोडा खाली आला होता, आणि दूध पुरत नाही हा माझाच गुन्हा आहे असे मला कित्येक आठवडे वाटत राहिले होते.

हा आजार परदेशी नाही, हे खुद्द गोव्यातच दिसून आले आहे. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे 23 टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. गरोदरपणातच मन खचलेले असणे, गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि मुलगी होणे ही जोखमीची कारणे त्यात पुढे आली. यातले एकही कारण घरात माणसे वाढल्याने आपोआप जात नाही. काही तर त्या माणसांतूनच येतात. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरते, पण त्यानंतरही झोप, भूक आणि बाळाविषयीची ओढ हरवलेली राहिली, तर त्याला बाळंतवारा म्हणून झाकून ठेवणे धोक्याचे आहे.

इथली पद्धतही निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. शेजारी सासू किंवा नवरा बसलेला असला की आमच्याकडच्या कितीतरी जणी सगळ्या प्रश्नांना "काही त्रास नाही" असेच उत्तर देतील, आणि कागद भरून घेणारी बाई बाळाला न्हाऊ घालायला थांबत नाही, हे काकींनी मला ऐकवलेच.

तरीही गोव्याला यासाठी नवे काही उभारावे लागणार नाही. सहाव्या आठवड्याच्या लसीला जवळजवळ प्रत्येक आई बाळाला आरोग्य केंद्रात आणते आणि लस टोचल्यावर तिला अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात. गेला महिनाभर मन उदास, हताश वाटते का, आणि कशातच रस वाटेनासा झाला आहे का, हे दोन प्रश्न परिचारिकेने तेवढ्या वेळात तिला बाजूला नेऊन, बरोबर आलेल्यांना बाहेर बसवून विचारावेत. आमच्या बाळंतिणीची ती लस येत्या मंगळवारी आहे. बरोबर काकी जाणार आहेत, आणि बाहेर बसायचे त्यांनी कबूल केले आहे.